साखळीतील अकरा सामने

पनवेलहून निघणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातून दक्षिणेकडे जातो. सावित्री नदीच्या काठी वसलेले महाड मागे पडते आणि थोड्याच वेळात पोलादपूर येते. तेथून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे चढतो. मुख्य रस्ता मात्र कशेडीचा डोंगर ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात उतरतो. पोलादपूरच्या स्थानकावर एस. टी. ची वाट पाहणाऱ्या मुलांना हा रस्ता चिपळूणपर्यंत, किंवा फार तर गोव्यापर्यंत ठाऊक असतो. पण तो तेथे थांबत नाही. गोवा आणि कर्नाटकाचा किनारा मागे टाकून तो केरळात शिरतो आणि कोझिकोड या प्राचीन बंदराच्या कडेने पुढे कन्याकुमारीकडे जातो. इतिहासाच्या पुस्तकात या शहराचे नाव कालिकत असे येते. १४९८ साली वास्को द गामाची जहाजे याच किनाऱ्याला लागली.

२०१७ साली स्थापन झालेला ‘गोकुळम केरळ’ नावाचा फुटबॉल क्लब या कोझिकोड शहराचा आहे. त्याच्या महिला संघाने २०२२ साली राष्ट्रीय साखळी स्पर्धेत जो पराक्रम केला, आणि त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत त्या संघावर जो प्रसंग ओढवला, त्याची हकिकत मोठी विलक्षण आहे. मात्र ती नीट समजण्यासाठी आधी या खेळाची आणि साखळी स्पर्धेची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील गावांना कबड्डी नवी नाही. भातकापणी आटोपली की खळ्याशेजारची जमीन चोपून सपाट करतात, चुन्याच्या रेघा मारतात आणि रात्री दिव्यांच्या प्रकाशात सामने रंगतात. महिलांच्या कबड्डीचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असते. म्हणजे ते पुरते एक गुंठाही भरत नाही. फुटबॉलची गोष्ट निराळी आहे. मोठ्या स्पर्धांसाठी १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असे क्रीडांगण आखतात. त्याचे क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७० गुंठे होते. जेथे डोंगरउतारावर बांध घालून, पायऱ्यापायऱ्यांनी भातखाचरे तयार करावी लागतात, तेथे ७० गुंठ्यांचा एकसंध सपाट तुकडा मिळणे किती कठीण! एखाद्या प्रदेशात कोणता खेळ रुजतो, हे तेथील लोकांच्या आवडीवर जितके अवलंबून असते, तितकेच ते तेथील जमिनीवरही अवलंबून असते. कोकणात कबड्डी आणि केरळच्या सखल मलबारात फुटबॉल, असे का झाले याचे पूर्ण उत्तर यात नसले, तरी काही उत्तर यात खचित आहे.

फुटबॉलच्या प्रत्येक संघात अकरा खेळाडू असतात. सामना ९० मिनिटांचा असतो आणि त्याचे ४५ मिनिटांचे दोन भाग पाडलेले असतात. गोलरक्षकाखेरीज कोणासही चेंडूला हात लावता येत नाही. इतके नियम बहुतेक मुलांना ठाऊक असतात. स्पर्धेची रचना कशी असते, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आणि खरी गंमत तेथेच आहे.

समजा, बिरवाडी, दासगाव, नाते, वरंध, उमरठ, कापडे अशा बारा गावांचे संघ एका स्पर्धेसाठी जमले आहेत. स्पर्धा ‘बाद’ पद्धतीची असेल, तर जो हरला तो घरी गेला. एका संघाखेरीज उरलेले अकरा संघ एकेकदा हरतात. म्हणून सामनेही अकराच होतात आणि दोन रात्रींत निकाल लागतो. अशा स्पर्धेत रंगत पुष्कळ असते. परंतु एखाद्या चांगल्या संघाचा एक दिवस वाईट गेला, तर त्याची वर्षभराची मेहनत वाया जाते. ‘साखळी’ पद्धतीत तसे होत नाही. तेथे प्रत्येक संघ उरलेल्या अकराही संघांशी एकेकदा खेळतो. बारा संघांचे प्रत्येकी अकरा सामने म्हणजे १३२. पण प्रत्येक सामन्यात दोन संघ असल्यामुळे तो दोनदा मोजला गेला. म्हणून खरे सामने ६६. विजयाला तीन गुण, बरोबरीला दोघांनाही एकेक गुण आणि पराभवाला शून्य. अखेरीस ज्याचे गुण सर्वांत अधिक, तो विजेता. एका रात्रीचा चमत्कार येथे उपयोगी पडत नाही. थकवा, दुखापत, ऊन, पाऊस, मनाची उभारी आणि उदासी हे सर्व सोसून आठवड्यामागून आठवडे सारखेच चांगले खेळावे लागते. म्हणूनच जाणकार लोक बाद स्पर्धेतील चषकापेक्षा साखळीतील विजेतेपदाला अधिक मान देतात.

अशी राष्ट्रीय साखळी स्पर्धा भारतात पुरुषांसाठी १९९६ साली सुरू झाली. महिलांच्या ‘इंडियन विमेन्स लीग’चा पहिला हंगाम त्यानंतर वीस वर्षांनी, म्हणजे २०१६-१७ साली झाला. या विलंबाचे मूळ शोधू लागले, तर थेट इंग्लंडात जावे लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनी आपले फुटबॉलसंघ उभारले. प्रेस्टन शहरातील ‘डिक, कर’ या कारखान्याचा संघ त्यांत अग्रगण्य होता. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथे त्यांचा सामना पाहण्यास ५३,००० लोक जमले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की, हा खेळ स्त्रियांना योग्य नाही. आपल्या क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. जो खेळ पाहावयास ५३,००० माणसे लोटली, तो खेळ अयोग्य कसा, याचे समाधानकारक उत्तर त्या ठरावात नव्हते. ही बंदी जवळजवळ ५० वर्षे टिकली.

भारतात महिलांच्या फुटबॉलसाठी १९७५ साली स्वतंत्र संघटना निघाली. पुढे १९८० साली आशियाई अजिंक्यपदाची स्पर्धा भारतातच भरली आणि तीत भारताने उपविजेतेपद मिळवले. ही स्पर्धा कोठे झाली असेल? कोझिकोड येथेच! तेव्हा शहराचे नाव कालिकत असे लिहीत. पुढे मात्र भारतीय महिलांचा खेळ दीर्घ काळ मागे पडला. राज्याराज्यांचे संघ वर्षातून एकदा राष्ट्रीय स्पर्धेसाठी जमत आणि ती संपली की खेळाडू पांगत. वर्षभर सराव देणारा, प्रशिक्षक नेमणारा आणि मानधन देणारा क्लब फार थोड्या जणींच्या वाट्याला येई. राष्ट्रीय लीग सुरू झाल्यावर ही स्थिती हळूहळू बदलू लागली. पहिल्या हंगामात मणिपूरचा ‘ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन’ हा संघ विजयी झाला. त्या हंगामात पुण्याचा एक संघ होता. तालमीतालमींचे फुटबॉल ज्या शहरात घराघरांत बोलले जाते, त्या कोल्हापूरचाही संघ २०१९ साली लीगमध्ये उतरला. गोकुळम केरळने फेब्रुवारी २०२० मध्ये बंगळूर येथे मणिपूरच्या ‘क्रिफ्सा’ संघाला ३-२ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. नंतर करोनाची साथ आली आणि एक हंगाम भरलाच नाही.

२०२२ साल उजाडले ते मोठ्या आशेने. आशियाई चषकाची स्पर्धा त्या जानेवारीत महाराष्ट्रात भरली होती. मुंबई, पुणे आणि नवी मुंबई येथे सामने होते. नवी मुंबईत नेरूळचे विशाल क्रीडांगण आहे. महाडहून पनवेलकडे गेलेला रस्ता तेथून दूर नाही. २० जानेवारीला तेथे भारत आणि इराण यांचा सामना गोलाविना बरोबरीत सुटला. आशालता देवी या मणिपूरच्या बचावपटू भारताच्या कर्णधार होत्या. पंजाबातील होशियारपूर जिल्ह्याच्या मनीषा कल्याण याही त्या संघात होत्या. पुढचा सामना २३ जानेवारीला चिनी तैपेईशी होता. तोपर्यंत संघात करोनाचा शिरकाव झाला. सामन्यासाठी किमान तेरा खेळाडूंची नावे द्यावी लागतात. तेवढ्याही खेळाडू भारताला उभ्या करता आल्या नाहीत. प्रेक्षकांना प्रवेश नव्हताच. आता यजमान संघही उरला नाही. नियमाप्रमाणे भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे धरण्यात आले आणि इराणशी झालेला सामनाही हिशेबातून वगळला गेला. पुढल्या वर्षीच्या विश्वचषकाची वाट याच स्पर्धेतून जात होती. न हरता हरणे म्हणतात ते हेच.

आशालता आणि मनीषा या दोघीही गोकुळम केरळच्या खेळाडू होत्या. तीन महिन्यांनी, १५ एप्रिल २०२२ रोजी, ओडिशातील भुवनेश्वर येथे राष्ट्रीय लीग सुरू झाली. बारा संघ आले होते. तमिळनाडूचा सेतू, कर्नाटकाचा किकस्टार्ट, दिल्लीचा हंस, छत्तीसगडचा माता रुक्मिणी, गुजरातचा आरा, गोव्याचा सिरव्होदे आणि मुंबईचा पिफा असे चोहोकडचे क्लब त्यांत होते. सशस्त्र सीमा बल आणि ओडिशा पोलीस यांचे संघ होते. यजमान राज्याचाही एक संघ होता. कोवळ्या वयाच्या खेळाडूंना अनुभव मिळावा, म्हणून राष्ट्रीय महासंघाने ‘इंडियन ॲरोज’ नावाचा संघ उतरवला होता. शहरातील तीन मैदानांवर ४२ दिवसांत ६६ सामने व्हावयाचे होते. एप्रिल-मे महिन्यांत भुवनेश्वरची हवा कशी असते, हे भूगोल शिकणाऱ्या मुलांना सांगावयास नको. समुद्र जवळ असल्यामुळे उष्म्यात दमटपणाची भर पडते आणि घाम वाळत नाही. अशा हवेत दर तीनचार दिवसांनी ९० मिनिटे धावावयाचे, आणि तेही सहा आठवडे!

अँथनी अँड्र्यूज हे गोकुळमचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने एकामागून एक विजयांची माळच गुंफली. आफ्रिकेतील घाना देशाच्या एल्शद्दाई अचेम्पाँग या आघाडीवर खेळत. त्यांनी या हंगामात २० गोल केले; मनीषा कल्याण यांनी १४ केले. एका संघाच्या दोघी जणींनीच मिळून ३४ गोल करावेत, ही गोष्ट सामान्य नव्हे. तथापि केवळ गोलांकडे पाहून चालत नाही. आशालता आणि त्यांच्या बाजूच्या बचावपटू यांचे काम गुणफलकावर दिसत नसते. ते दिसते विरुद्ध बाजूच्या रकान्यात. साऱ्या हंगामात गोकुळमवर फक्त चार गोल झाले.

इकडे सेतूचा संघही कोणास हार जात नव्हता. दहा सामने झाले तेव्हा गोकुळमचे गुण ३० होते आणि सेतूचेही ३० होते. दोन्ही संघांनी दहाच्या दहा सामने जिंकले होते. आणि योगायोग असा की, साखळीतील त्यांची परस्परांशी गाठ शेवटच्याच दिवशी पडावयाची होती. साखळी स्पर्धेला अंतिम सामना नसतो. पण येथे तो आपोआप घडून आला.

२६ मे २०२२ रोजी कलिंग क्रीडांगणावर हा सामना झाला. सुरुवातीची काही मिनिटे होतात न होतात तोच सेतूच्या रेणू देवी यांनी गोल केला. ज्या संघावर महिनाभरात जेमतेम तीन गोल झाले होते, त्याच्यावर निर्णायक सामन्याच्या आरंभीच ही वेळ आली. अशा क्षणी संघ गडबडतो, घाईने चेंडू पुढे मारू लागतो आणि आणखी चुका करतो. गोकुळमचा संघ गडबडला नाही. थोड्याच वेळाने त्यांना पेनल्टी किक मिळाली. ही किक गोलापासून ११ मीटरांवरून मारतात. समोर एकटा गोलरक्षक असतो. पाहणाऱ्याला हे काम सोपे वाटते. मारणाऱ्याचे पाय मात्र जड होतात. आशालता देवी पुढे आल्या आणि त्यांनी बरोबरी साधली. त्यानंतर अचेम्पाँग यांनी दुसरा आणि मनीषा कल्याण यांनी तिसरा गोल केला. हे सर्व मध्यंतरापूर्वीच घडले. उत्तरार्धात सेतूने प्रयत्नांची शर्थ केली, पण गुणफलक ३-१ असाच राहिला. गोकुळमचे अकरा सामन्यांत अकरा विजय झाले आणि ३३ गुण झाले. त्यांचे एकूण गोल ६६ भरले, म्हणजे दर सामन्यास सहा. ३० गुण मिळवूनही सेतूला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्या संघाबद्दल हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

राष्ट्रीय लीगच्या विजेत्याला आशियातील क्लबांच्या स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व करण्याचा मान मिळतो. आधीच्या वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, गोकुळमचा संघ याच स्पर्धेसाठी जॉर्डन देशात गेला होता. तेथे तीन सामन्यांपैकी दोन तो थोडक्यात हरला. परंतु उझबेकिस्तानच्या बुन्योदकोर या क्लबवर त्याने ३-१ असा विजय मिळवला होता. या खेपेस स्पर्धा उझबेकिस्तानातच होती. पहिला सामना २३ ऑगस्ट २०२२ रोजी व्हावयाचा होता. संघ सज्ज होऊन ताश्कंद येथे पोहोचला, आणि तेथे त्याला कळले की भारताला खेळता येणार नाही.

झाले होते ते असे. भारतीय फुटबॉल महासंघाची निवडणूक वेळेवर झाली नव्हती. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२२ रोजी महासंघाचा कारभार पाहण्यासाठी तीन सदस्यांची समिती नेमली. भुवनेश्वरची लीग त्या वेळी अखेरच्या टप्प्यात होती. ‘फिफा’ ही फुटबॉलची जागतिक संघटना होय. कोणत्याही देशाच्या महासंघाचा कारभार त्याने स्वतःच चालवावा, त्यात बाहेरच्या कोणाचा हात असू नये, असा तिचा नियम आहे. या नियमाचा भंग झाला असे ठरवून फिफाने १५ ऑगस्ट रोजी भारतीय महासंघाला निलंबित केले. निलंबित देशाचा कोणताही संघ, मग तो राष्ट्राचा असो वा क्लबचा, आंतरराष्ट्रीय सामना खेळू शकत नाही. नियम करणारे आणि नियम मोडणारे दोघेही दूर होते. फळ मात्र ताश्कंदमध्ये अडकलेल्या खेळाडूंना भोगावे लागले. क्लबने पंतप्रधानांना विनंती केली. भारत सरकारच्या क्रीडा मंत्रालयाने, या मुलींना खेळू द्यावे, असे फिफाला आणि आशियाई संघटनेला कळवले. उपयोग झाला नाही. २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने समिती बरखास्त केली आणि २६ ऑगस्टला फिफाने निलंबन उठवले. तोवर पहिल्या सामन्याचा दिवस उलटून गेला होता. अकरा सामने जिंकून मिळवलेला हक्क न वापरताच संघ परतला. आशालता देवींच्या वाट्याला एकाच वर्षात हा प्रसंग दुसऱ्यांदा आला.

मनीषा कल्याण मात्र या वेळी ताश्कंदमध्ये नव्हत्या. लीग संपल्यावर सायप्रस देशातील अपोलॉन या क्लबने त्यांना बोलावून घेतले होते. आपले पूर्वीचे सहकारी खेळण्याच्या परवानगीची वाट पाहत असताना, १८ ऑगस्ट २०२२ रोजी, त्या युरोपातील चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात उतरल्या. त्या स्पर्धेत खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. निलंबन उठल्यामुळे ऑक्टोबर महिन्यात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक ठरल्याप्रमाणे भारतात होऊ शकला. त्याचा अंतिम सामना नेरूळच्याच क्रीडांगणावर झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले.

गोकुळम केरळने २०२३ साली अहमदाबाद येथे लीगचे विजेतेपद सलग तिसऱ्यांदा मिळवले. भारतीय संघाने ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे यजमानांना २-१ असे नमवले. त्यातील दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोर यांनी केले. या विजयामुळे पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकाची मुख्य स्पर्धा गाठण्याचा मान भारतीय महिलांना प्रथमच मिळाला. मनीषा कल्याण याही त्या संघात होत्या.

राष्ट्रीय लीगची रचनाही पुढे पालटली. २०२३-२४ च्या हंगामात सर्व संघांना एकाच शहरात बोलावण्याची पद्धत सोडण्यात आली. प्रत्येक संघ उरलेल्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळू लागला, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. त्यामुळे सात संघांचे ४२ सामने झाले आणि हंगाम महिनोन् महिने चालला. त्या वर्षी ओडिशा पहिला आला, तर गोकुळम दुसरा. २०२४-२५ साली कोलकात्याचा ईस्ट बंगाल क्लब विजयी झाला. या दोन्ही हंगामांत महाराष्ट्राचा एकही क्लब लीगमध्ये नव्हता. महाड-पोलादपूरच्या एखाद्या मुलीने त्या काळात लीगचा सामना पाहावयाचा म्हणून ६६ क्रमांकाच्या महामार्गाने प्रवास आरंभला असता, तर तिला वाटेत पहिले मैदान लागले असते ते कोझिकोडचे.